गाय-वासराचा दगड

बयाबाईनं पाण्याची जमीन सोडून माळ घेतला, ही गोष्ट हिवरतळ्याच्या पारावर अजूनही चवीनं सांगितली जाते. मेंढरं विकून एका जागी बसायचं ठरलं तेव्हा तिच्या नवऱ्याला, सिदूला, लोणंदच्या अंगाला कालव्याखालचा तुकडा मिळत होता. काळी जमीन, बांधाला लागून पाट. कुणीही डोळे मिटून घ्यावी अशी. बयाबाईनं तिथली माती हातातसुद्धा घेतली नाही. "ऱ्हायचं तर हिवरतळ्यात, तळ्याच्या वरच्या अंगाला. न्हाईतर मी अशीच मेंढरामागं फिरीन," म्हणाली आणि बसली ती बसलीच. सिदूनं पागोट्यात बोट घालून डोकं खाजवलं आणि कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं असा माळ घेतला. लोकांनी त्याला बाईलबुद्ध्या म्हटलं, तिला बिनडोक म्हटलं. दोघं ते ऐकत माळावरचे धोंडे वेचायला लागली.

खरं कारण त्या दोघांखेरीज गावात कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच्याही आधी, दोघं तरणी असताना, दरसाल दसरा झाला की त्यांची मेंढरं माणदेशातून पश्चिमेला निघायची. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं कुत्री. वाटेत हिवरतळ्याला मुक्काम ठरलेला, कारण तळ्याला पाणी आणि राईत सावली. एका साली बयाबाई पहिलटकरीण होती आणि दिवस भरत आले होते. पण मेंढरं कुणाचे दिवस मोजत थांबत नाहीत. तळ्याच्या थोडं अलीकडंच ती वाटेत मोकळी झाली. मुलगी झाली. सावळी, आणि डोक्यावर हे एवढं जावळ. पुढच्या मोठ्या मुक्कामाला बारसं करू असं ठरलं. ते व्हायचं नव्हतं. हिवरतळ्याच्या काठावर पोर तापानं फणफणली आणि सकाळी बयाबाईच्या हाताला गार लागली.

सिदूनं काठावर खड्डा खणला. घोंगड्याचं एक टोक फाडून त्यात तिला गुंडाळली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर काहीतरी जड ठेवायला हवं होतं. तिथं झाडांमध्ये जुने वीरगळ विखरून पडलेले होते. कधीकाळच्या लढायांत पडलेल्या माणसांच्या आठवणीला उभे केलेले कोरीव दगड. घोडेस्वार, ढाल-तलवार, वर चंद्र-सूर्य. सिदू त्यांच्यातून हिंडला. तलवारीचा दगड पोरीच्या अंगावर ठेवायला त्याचा हात होईना. शेवटी त्याला वरून तुटलेला एक लहानसा दगड मिळाला. त्यावर गाय होती आणि तिला वासरू पीत होतं. तो त्यानं पोटाशी धरून आणला आणि ठेवला.

"सोबत हुईल," एवढंच म्हणाला.

मग सासू पुढं आली. सासू वाईट बाई नव्हती. वाटेवर लेकरं पुरायचं तिनंही केलं होतं. तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, बिरोबाची हळद, आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. "देवाचा भंडारा हाय हातात. बिननावाच्या लेकराचं रडायचं न्हाई, कुनापाशी बोलायचं न्हाई. बोललीस तर पुढचं लेकरू जाईल." बयाबाईनं मूठ मिटली. भंडारा हातात धरून घेतलेली आण म्हणजे आमच्याकडं कोर्टातल्या सहीपेक्षा जड. मेंढरं उठली आणि तीही उठून मागं चालायला लागली.

ते पुढचं लेकरू म्हणजे नानासो.

नानासो आता पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, दोन्ही खिशांत फोन वागवणारा ग्रामपंचायतीचा मेंबर आहे. गाडीवरून पडला तरी गाडीचंच नुकसान व्हावं असा गडी. तरीही बयाबाईला अजून वाटतं, आपण तोंड उघडलं तर याला काहीतरी होईल. हसू नका. आई झालेल्या बाईनं देवाशी केलेला सौदा असा पोराचं पोट सुटलं म्हणून संपत नाही.

तर अशी ती हिवरतळ्यात राहिली. दसरा झाला की एके दिवशी सकाळी, दारात राखलेल्या एका मेंढीचं दूध गडव्यात घ्यायचं आणि तळ्याची वाट धरायची. वस्तीवरून उतरलं की राई लागते. हिवराची, करंजाची, बोरी-बाभळींची दाटी. पायाखाली वाळक्या शेंगा कुडकुडतात. राईत शिरल्यावर पहिल्यांदा महादेवाचं देऊळ, ज्याचा नंदी तोंड फुटल्यामुळं हसल्यासारखा दिसतो. मग बारव. तिच्या पायऱ्यांवर गावातली पोरं पोहायला शिकली आणि एकमेकांची डोकी फोडून घेतली. मग संस्थानाच्या वेळचा शिकारखाना. छप्पर केव्हाच गेलंय, राजाच्या जागी शेळ्या बसतात. तिथून झाडं विरळ होतात आणि तळं दिसतं. काठाकाठानं वीरगळ, कुणी उभा, कुणी आडवा, कुणी अर्धा मातीत. त्यांच्यात, जरा बाजूला, गाय-वासराचा दगड.

सिदू होता तोवर दोघं जायची. दूध घालायची, तंबाखू मळून होईपर्यंत बसायची, परत यायची. पुढं सिदू गेला. जागेच्या डोक्यावर करंजाचं एक जुनं झाड होतं, ते एका वादळात मुळासकट उपटलं. तळ्याचा काठ तर पाऊसपाण्याप्रमाणं पुढंमागं होणारा. झाडाची खूण गेली, काठाची गेली, जागा जाणणारा माणूस गेला. उरला दगड. बयाबाईची नजर मंदावली तशी ती राईतून चाचपत जायची; पण त्या दगडाच्या गायीच्या पाठीवर हात पडला की तिला बरोबर कळायचं, आलो.

नानासो लहान होता तेव्हा त्यानं एकदा विचारलं होतं, "आये, दूध कुनाला घालतीस?"

"देवाला," ती म्हणाली होती.

त्यानं ते खरं मानलं. आईचं ऐकणारा मुलगा, आईचं देव मानणारा मुलगा. गावाला सांगायचा, "आमच्या म्हातारीचा देव तळ्याकाठी हाय. वीराला दूध घालती. लय कडक हाय तिचं." बयाबाई ऐकायची आणि गडवा घासायला घ्यायची.

आणि मग गावात सुशोभीकरण आलं. हा शब्द ज्या गावात येतो तिथं आधी बरं दिसणाऱ्या वस्तूंना रंग लागतो, हे मी पाहत आलोय. वरून मंजुरी आली होती. राईतून तळ्याकाठी फिरायची पायवाट, बसायला बाकडी, देवळाला दिवे. औंधला यमाईच्या दर्शनाला येणारी पुण्या-मुंबईची माणसं पुढं हिवरतळ्यालाही येतील, तळं बघतील, वीरगळ बघतील, गावातली पोरं हॉटेलं काढतील. नानासोनं त्यासाठी खेटे घातले होते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं कुणावर तरी राग काढावासा वाटेल आणि काढायला माणूस सापडणार नाही.

अंगणात बयाबाई मटकी निवडत बसली होती तेव्हा नानासोनं तिला सगळं सांगितलं.

"वाट कुठनं जानार?" तिनं विचारलं.

"काठाकाठनं की. पार सांडव्यापातूर."

तिचा हात सुपातच थांबला. "नाना," ती म्हणाली, "त्यो गाय-वासराचा दगड हाय न्हवं का…"

"तुझा देव? मला ठावं न्हाई व्हय?"

तिनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर होते. समोर पोरगा उकिडवा बसला होता, चहाची बशी फुंकत, कपाळावर घाम, अगदी जिवंत. उजव्या हाताची मूठ आपोआप मिटली.

"त्या दगडाला जप," ती म्हणाली. "बाकी काय करायचं त्ये करा. तेवढा दगड जपा."

"जपतो आये. माझ्या जिवापरमानं जपतो."

इथं ती चुकली. तिच्या लेखी दगड म्हणजेच जागा. एक म्हटलं की दुसरं आलंच. मेंढरामागं हिंडलेल्या माणसाला दगड जागचा उचलून नेता येतो हे सुचतच नाही. तो जे उचलतो ते बिऱ्हाड, दगड असतो तिथं असतो, आणि पुढच्या साली त्याच्याच खुणेनं परत मुक्काम पडतो. नानासो मात्र वस्तीवर वाढलेला. त्याला दगड म्हणजे दगड.

दसरा जवळ आला तसा नानासोनं दुसरा लकडा लावला, मोतीबिंदूचा. "तळं एवढं देखनं हुतंय आन तुला दिसायचंच न्हाई, आसं कसं?" बयाबाई नको नको म्हणत असतानाच त्यानं तिला गाडीत घातली आणि साताऱ्याला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नानासोला अप्पा म्हणणारी त्याची लेक स्वप्नाली साताऱ्यातच दिली होती. डोळा बरा होईपर्यंत आजीनं तिच्याकडं राहायचं ठरलं. धूळ नाही, ऊन नाही, चुलीचा धूर नाही. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून बयाबाई दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून राहिली.

एका दुपारी स्वप्नालीच्या फोनमधून घरघर ऐकू आली. बयाबाईनं मान वर केली.

"काय गं त्ये?"

"अप्पांनी व्हिडिओ धाडलाय आज्जी, तळ्याचा. पन तुला दावायचा न्हाई म्हनून सांगितलंय. गंमत हाय तुझ्यासाठी."

"जेसीबी हाय त्यो."

"व्हय, मग? काम जोरात चाललंय."

बयाबाई भिंत धरून उभी राहिली. मला घरला न्या, आत्ताच्या आत्ता न्या, म्हणाली. स्वप्नाली घाबरली. डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हणून बजावलंय, डोळा गेला तर अप्पा मला जिता सोडायचं न्हाईत, असं म्हणून तिनं आजीला परत कॉटवर बसवलं आणि नानासोला फोन लावून दिला.

"नाना, त्या दगडाला जपलास न्हवं?"

"आये, काय काळजीच करू नगंस," पलीकडून नानासो यंत्राच्या आवाजावर ओरडला. "तुझ्या दगडाला टवकासुदीक उडू दिला न्हाई. म्या सोता उभा हाय हितं!"

बयाबाईचा जीव भांड्यात पडला. स्वप्नालीनं केलेला शिरा तिनं मागून दोनदा घेतला. मला ही गोष्ट सांगताना सगळ्यात जास्त त्या शिऱ्याचं वाईट वाटतं.

दसऱ्यानंतर नानासो तिला न्यायला आला तो इस्त्रीचे कपडे आणि नवेकोरे बूट घालून. उद्घाटन त्यानं मुद्दाम ती दरसाल दूध घालायला जायची त्याच सुमाराला ठेवलं होतं. वस्तीवर पोचल्यावर बयाबाईनं हातपाय धुतले, दूध गडव्यात घेतलं आणि सवयीनं राईच्या दिशेनं निघाली.

"तिकडं कुठं?" नानासोनं तिला दंडाला धरून अलीकडं वळवलं. "आता तेवढं चालायचं न्हाई तुला. म्हनून तर केलंय सगळं."

डांबरी रस्ता संपतो तिथंच, देवळाशेजारी, गाडीतून उतरलं की समोर, सिमेंटचा लांब चौथरा बांधला होता. तळ्याकाठचे सगळे वीरगळ उचलून आणून त्यावर ओळीनं बसवले होते. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. ऑइलपेंटचा काळा रंग चकाकत होता. घोडेस्वारांना पिवळा, तलवारींना चंदेरी. आणि मधोमध, सगळ्यांहून उंच कट्ट्यावर, झेंडूची माळ घातलेला गाय-वासराचा दगड. गाय सोनेरी केली होती. वासरू पांढरं.

बयाबाईला सगळं लख्ख दिसत होतं. वासराचं तोंड गायीच्या सडाला कसं लागलंय तेही इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसलं.

"मधली जागा तुझ्या देवाला," नानासो म्हणाला. "दरसाल काट्याकुट्यातनं चाचपत जायचीस. मला बघवत नव्हतं, आये. आता दारातनं गाडी, गाडीतनं देव."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. एवढा मोठा माणूस, आईची शाबासकी मिळावी म्हणून सहावीतल्या पोरासारखा उभा होता. तिच्या काळजात जे तुटलं ते त्याच्यासमोर तुटू द्यायचं नव्हतं.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. मग आवाज सांभाळून म्हणाली, "ह्यो कुठनं काढला रं?"

"तळ्यावरनं."

"तळ्यावर कुठनं? कंच्या जागंवरनं?"

"आता त्ये कसं सांगू? पोरांनी धडाधड भरलं ट्रॉलीत. का गं?"

"खाली काय निघालं का?"

"काय निघायचंय? माती आन मुळ्या."

"ती माती कुठं टाकली?"

"भरावाला लागली की. वाट सपाट करायची हुती. पार सांडव्यापातूर हातरली." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आये, तू कशाला डोस्क्याला तरास घेतीस? चल, दूध घाल. मानसं खोळंबल्यात."

माणसं खरंच खोळंबली होती. माईक होता, पेढे होते, साताऱ्याहून बरोबर आलेल्या स्वप्नालीनं फोन समोर धरला होता. बयाबाईनं गडवा तिरका केला. सोनेरी गायीवरून दूध घसरलं, कट्ट्यावर आलं, चौथऱ्यावर पसरलं. तळ्याकाठी ते जिरायचं. घालता घालता माती काळी व्हायची आणि दूध खाली जायचं. कुणीतरी घेतलं असं वाटायचं. इथं सिमेंटवर ते तसंच उभं राहिलं. मग उतार शोधत कडेला गेलं आणि कुत्र्यानं चाटलं. टाळ्या झाल्या. गडव्यात तळाला थोडं दूध तिनं राखून ठेवलं होतं.

पेढे वाटायची गडबड सुरू झाली तेव्हा ती कुणाला न सांगता राईत शिरली. नंदी तसाच हसत होता. बारवेला लोखंडी जाळी बसली होती. शिकारखान्यातून शेळ्या हाकलल्या होत्या. पुढं झाडं विरळ झाली, तळं दिसलं, आणि तळ्याच्या काठाकाठानं लाल-पिवळ्या फरशीची वाट नजर जाईल तिथपर्यंत गेलेली दिसली. सपाट, स्वच्छ, सारखी. बोरी तोडलेल्या, खळगे भरलेले. बयाबाई वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. करंज इथं होता का पुढं? वळण होतं ते कुठं गेलं? तिनं डोळे मिटून पाहिले, आंधळेपणी सापडायचं तसं सापडेल म्हणून. सापडलं नाही.

तिनं चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

फरशी तापलेली होती. ती हळूहळू, पाऊल दाबून न टाकता चालायला लागली, निजलेल्या लेकराच्या अंगावरून ओलांडावं लागलं तर बायका चालतात तशी. अधेमधे थांबायची, वाकायची, दोन फरशांच्या फटीत गडव्यातलं थेंबभर दूध सोडायची आणि पुन्हा पुढं.

"आये!" मागून नानासो धापा टाकत आला. "अगं, मानसं तुला हुडकाय लागल्यात. आन चपला हातात का? पाय भाजतील."

"भाजत न्हाई."

"आता तर दिसतंय न्हवं तुला चांगलं?"

"दिसतंय की."

तो हसून तिच्या बाजूनं चालू लागला. नवे बूट करकर वाजत होते. प्रत्येक पावलाला बयाबाईच्या अंगावर काटा यायचा. सांगावं. आत्ता सांगावं. ती थांबली, त्याच्याकडं वळली. "नाना, तुला…" म्हणाली, आणि चपला धरलेल्या हाताची बोटं चपलांवर अशी आवळली गेली की नखं पांढरी झाली.

"काय, आये?"

"काय न्हाई. जरा कडंनं चाल."

नानासो बिचारा कडेला झाला. बूट कडेच्या फरशीवर वाजायला लागले. ती ऐकत राहिली. माती तर सगळीकडंच हातरली होती. कडेलाच असली तर?

"कडंनं नगं," ती घाईनं म्हणाली. "मधनं चाल, मधनं."

नानासो वाटेच्या मधोमध आला, आईकडं पाहून मोठ्यानं हसला आणि तिच्या हातातला रिकामा गडवा आपल्या हातात घेतला.

"एक काय ते ठरीव की, आये."

बयाबाई खाली बघत उभी राहिली. तिला ठरवता येईना.